शंभराला चार

मुकादमांच्या समोरून मी हजार वेळा तरी चालत गेले असेन, पण त्यांनी कधी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं असेल तर शपथ. आधी पाय. समोरून कुणी येताना दिसलं की ते वाटेच्या कडेला सरायचे, लांब दांड्याचा हातोडा जमिनीवर टेकवायचे आणि तो माणूस पुरता पुढे निघून जाईपर्यंत त्याच्या पायांवरून नजर काढायचे नाहीत. मग निकाल लागायचा. "डावी टाच घासतेय." "पट्टा सैल झालाय, आज तुटणार." "उजव्या गुडघ्यात काहीतरी वाजतंय, डॉक्टरला दाखवा." कचेरीतल्या एका बाईंना त्यांनी "वजन सगळं एका बाजूला पडतंय" असं तोंडावर सांगितलं, तर त्या महिनाभर आमच्या जंगलाकडे फिरकल्या नाहीत.

ही नोकरीतली सवय. सगळी हयात रेल्वेच्या गँगमध्ये गेली होती, आधी गँगमन म्हणून आणि शेवटची बरीच वर्षं त्याच गँगचे मुकादम म्हणून. रुळांवर काम चालू असताना गाडी आली की गँग कडेला होते आणि जाणाऱ्या गाडीची चाकं न्याहाळते. कुठे ठिणगी उडतेय का, काही लोंबतंय का, धूर येतोय का. काही वावगं नसलं तर हात वर करून शेवटच्या डब्यातल्या गार्डला सांगायचं, ऑल राइट. निवृत्त झाल्यावर गाड्या तिकडे राहिल्या आणि माणसं समोर आली. माणसांना ऑल राइट देताना मात्र मुकादम भलतेच चिक्कू होते. चार वर्षं मी त्यांच्यासमोरून ये-जा केली, मला ते एकदाही मिळालं नाही.

मी वनरक्षक. मूळची फलटणकडची. पहिलीच नेमणूक डहाणूला झाली तेव्हा आई म्हणाली, "समुद्राकाठी चाललीस, मजा आहे बाई तुझी." समुद्र सुट्टीच्या दिवशी. बाकीचे दिवस माझ्या वाट्याला आलं होतं स्टेशनच्या पूर्वेचं एक लहानसं राखीव जंगल. चिकूच्या वाड्या संपल्या, नव्या सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्या संपल्या की तिथे आमचं तारेचं कुंपण सुरू होतं. आत साग, ऐन, खैर, थोडा पळस, आणि मधोमध एक टेकडी. सकाळी शिक्षक, बँकवाले, रेल्वेवाले पायथ्याशी फेऱ्या मारायचे. टेकडीवर कुणी फारसं जायचं नाही, कारण वर जायची एकच वाट होती आणि ती नाकासमोर सरळ चढायची. तरण्या माणसाला पाच मिनिटं, म्हाताऱ्याला हाडवैद्य.

मी येऊन दोन महिने झाले नसतील, तेव्हा त्या टेकडीच्या कुशीत मला एक पांढऱ्या मिशांचा गृहस्थ सापडला. त्यांनी दोन काठ्यांना गवंडी वापरतात तशी पाण्याची पारदर्शक नळी बांधली होती आणि त्या नळीकडे ते एक डोळा मिटून बघत होते. शेजारी टिकाव. पाच-सहा फूट जमीन खणलेली.

"काय चाललंय?" मी आवाज चढवला. तेव्हा मी सगळ्यांवरच आवाज चढवायची. वर्दी नवीन होती.

"लेव्हल."

"कसली लेव्हल? हे राखीव जंगल आहे. इथे खणायला परवानगी लागते."

त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. "नवीन आहेत," म्हणाले. "उजवा चावतोय."

चावत होताच. म्हणून मी आणखी चिडले आणि टिकाव, काठ्या, नळी सगळं जप्त करून चौकीत आणून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ते चौकीच्या दारात हजर. "माझी नळी." मी नाही म्हटलं. ते गेले. तिसऱ्या दिवशी आठला पुन्हा, "माझी नळी." वाद नाही, विनवणी नाही. टिकावाबद्दल चकार शब्द नाही, फक्त नळी. असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी मीच कंटाळून विचारलं की त्या नळीने ते करणार तरी काय आहेत.

"बायला वर न्यायचंय," ते म्हणाले.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिची गोष्ट त्यांनी मला उभ्या उभ्या, हजेरी वाचून दाखवावी तशी सांगितली. वडील तलासरीकडच्या डोंगरातली भातशेती भावांवर सोपवून रेल्वेत गँगमन झाले आणि टेकडीच्या पायथ्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. ते क्वार्टर आता पडलेत. तिथल्या पोरांचा एकच खेळ, टेकडी चढायची. चढ असा की चपलांचे अंगठे तुटायचे, आणि एक जोड दोन वर्षं पुरवायचा असायचा. म्हणून पोरं पायथ्याच्या काळ्या दगडापाशी चपला काढून अनवाणी वर धावायची. चपला सांभाळायला कुणीतरी हवं. बायचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, दुसऱ्यापेक्षा बारीक आणि चांगला चार बोटं आखूड. तेव्हा ती बसायची, दहा-बारा जोड चपला घेऊन.

"मी सगळ्यात लहान होतो," मुकादम म्हणाले. "खाली आलो की तिला सांगायचो, समुद्र दिसला, जहाज दिसलं. एकदा ती म्हणाली, रोज तेच काय सांगतोस? मग मी म्हणालो, आज मुंबई दिसली."

"आणि तिने मानलं?"

"ते मला अजून माहीत नाही."

आई लवकर गेली. बायने एका पायाने शिलाईचं मशीन चालवून या भावाला वाढवलं, त्याचं लग्न केलं, पुढे त्याची बायको गेल्यावर त्याच्याच घरात त्याला पुन्हा वाढवायला घेतलं. आणि सगळा जन्म टेकडीपासून हाकेच्या अंतरावर काढून ती कधी वर गेली नव्हती. गँगच्या लोकांनी खुर्चीत बसवून नेतो म्हटलं होतं. एकदा महालक्ष्मीच्या जत्रेतली डोली इकडे आणवायचं ठरलं होतं. दोन्ही वेळा बायचं उत्तर एकच, "उचलून न्याल तं वर जाऊन डोळे मिटून घेईन. मंग काय दाखवाल?"

आता ती बाहत्तर वर्षांची होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की चांगल्या पायाचाही गुडघा झिजत चाललाय. वर्ष, फार तर दोन वर्षं ती स्वतःच्या पायांनी चालेल. पुढचं काही सांगता येत नाही.

मी नळी दिली. टिकावही दिला. आणि आमच्या कागदांवर त्या वाटेला जाळरेषा असं नाव दिलं. उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून जंगलात गवत साफ करून मोकळी पट्टी काढतात, तिला जाळरेषा म्हणतात. ती गोल गोल वळणं घेत टेकडीवर कशाला जाईल, हे कुणी विचारलं असतं तर माझी पंचाईत झाली असती.

चढाच्या बाबतीत मुकादम कट्टर होते. त्यांच्या मते जगातले सगळे त्रास चढ चुकीचा काढल्यामुळे झालेले आहेत. रेल्वेचा चढ शंभर फुटांत एक फूट, त्यांना तोच हवा होता. मी हिशेब करून दाखवला की तसं केलं तर वाट टेकडीवर पोचायच्या आधी बोर्डीला पोचेल. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग आले आणि म्हणाले, "शंभराला चार. त्याच्या वर एक बोट नाही." शंभर फूट चाललं की चार फूट वर, असा तो करार. त्यामुळे पाच मिनिटांची टेकडी पाऊण किलोमीटरची झाली, अकरा वळणांची. सकाळच्या फिरणाऱ्या मंडळींपैकी एक निवृत्त हेडमास्तर त्यांना म्हणाले, "अहो, जवळची वाट लांब करून ठेवलीत." मुकादम म्हणाले, "म्हणूनच तुम्ही आज पहिल्यांदा इथवर आलात." हेडमास्तर पाचव्या वळणावर उभे होते आणि त्यांना दम लागला नव्हता.

दोन हिवाळे ते एकटे खणत होते. झाड आडवं आलं तर वाट वळायची, झाडाला धक्का नाही. पण कामाची तऱ्हा सगळी रेल्वेची. दर पन्नास पावलांवर चुना लावलेला दगड आणि त्यावर आकडा. वळणाच्या आधी पिवळी पाटी. सातव्या वळणाला करवंदीच्या जाळीमुळे पुढचं दिसत नाही, तिथे त्यांनी पाटी लावली, "शिटी द्या." गंमत म्हणजे लोक द्यायला लागले. बँकेतले गंभीर तोंडाचे अधिकारी सकाळी साडेसहाला त्या जाळीपाशी तोंडाचा चंबू करून उभे असायचे. ज्यांना शिटी जमत नव्हती ते टाळी वाजवायचे, आणि टाळी चालेल का हे आधी मुकादमांना विचारून घ्यायचे. मला ते 'गार्डबाई' म्हणायचे आणि रेल्वेच्या गार्डची सगळी कर्तव्यं माझ्या गळ्यात घालायचे. घरातून एक हिरवा झेंडा आणून त्यांनी तो माझ्या चौकीत खिळ्याला टांगला होता. "लागेल," एवढंच म्हणाले.

रोज सहाला, पाऊस असो नसो, हातोडा खांद्यावर टाकून ते सगळी वाट एकदा चालून यायचे. कडेच्या दगडांवर हातोडा मारून आवाज ऐकायचे. सैल दगडाचा आवाज वेगळा येतो म्हणे. मी कान देऊन ऐकलं, मला सगळे सारखेच वाटले. "तुम्ही आज जेवला नाहीत नीट," असं त्यावर त्यांचं निदान.

आणि चहाची परीक्षा. वाटेचा एक तुकडा तयार झाला की ते काठोकाठ भरलेला चहाचा पेला हातात घेऊन त्यावरून चालायचे. थेंब सांडला तर तो तुकडा नापास, पुन्हा खणायचा. नंतर नंतर ते मलाही पेला देऊन चालायला लावत. अकराही वळणं चहा न सांडता पार झाली त्या दिवशी त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, "रविवारी बायला आणतो."

तेवढ्यात आमच्या खात्यात टेकडीच्या पायऱ्यांचा विषय निघाला. जुन्या सरळ वाटेवर सिमेंटच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. साहेबांनी मला बोलावून नकाशा दाखवला. पायऱ्यांचं साहित्य वर न्यायला मुकादमांची वाट चार ठिकाणी फोडावी लागणार होती. मी चाचरत जाळरेषेची खरी हकीकत सांगितली. साहेब रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी नकाशा बाजूला सारला. मग म्हणाले, "कुणासाठी आहे म्हणालीस? त्या चालल्या का तिच्यावरून?"

"रविवारी चालणार आहेत."

"चालू देत. मग बघू."

रविवारी आम्ही तिघंच होतो. बाय मला पहिल्यांदाच दिसली. ठेंगणी, ताठ मानेची, नऊवारी नेसलेली. डाव्या चपलेला चांभाराकडून जाड तळ लावून घेतलेला, हातात सागाची काठी. तिने काळ्या दगडाकडे पाहिलंदेखील नाही. भाऊ पुढे, ती मध्ये, मी मागे. पहिलं वळण उजवीकडचं. ते तिने असं सहज घेतलं की मुकादमांनी वळून माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरं वळण डावीकडचं. त्यावर तिचा आखूड पाय आत पडला, अंग त्याच बाजूला गेलं, काठी सटकली आणि बाय आडवी झाली.

मनगट मुरगळलं होतं, आणखी काही नाही. आम्ही उठवायला धावलो तर तिने हात झटकले आणि स्वतःच उठून बसली. जमिनीवर तळवा टेकवून तिने ती इकडून तिकडे चाचपली. मग भावाकडे बघितलं.

"ही जमीन कलती काय केलीस रं?"

मुकादमांनी वाकून तिथेच आपला तळवा टेकवला. मला काही कळेना. मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. रेल्वेत वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच ठेवतात, नाहीतर वेगातली गाडी बाहेर फेकली जाईल. मुकादमांनी हयातभर हेच केलं होतं. इथेही प्रत्येक वळणाची बाहेरची कड त्यांनी बोटभर, दोन बोटं उंच काढली होती, न सांगता, न ठरवता. हातांनीच केलं होतं ते. सगळी वळणं आतल्या बाजूला कलती होती, आणि डावीकडच्या वळणांवर बायचा मुळात आखूड पाय आणखी खाली जात होता.

"मी काय राजधानी हाय?" बाय म्हणाली. "एवढ्या जोरात कुठं पळणार होते मी?"

मला हसू आलं. मुकादमांना नाही आलं. ते कडेच्या दगडावर बसले. दोन वर्षांत मी त्यांना त्या वाटेवर बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

"पण चहा सांडला नव्हता," मी त्यांच्या बाजूने म्हटलं. "आम्ही प्रत्येक वळणावर पेला घेऊन चाललो."

"पेला हातात धरून?" बायने विचारलं. "हातातला पेला कसा सांडंल पोरी? हात सांभाळतो ना त्याला. जमिनीवर ठेवून बघायचा होता."

दोन वर्षं आम्ही दोघं शहाणे काठोकाठ पेले मिरवत त्या टेकडीवर फिरत होतो आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर येणंच शक्य नव्हतं, माझे दोन्ही पाय सारखे आहेत.

त्यानंतर आठ दिवस मुकादम आले नाहीत. सकाळी सहाला हातोड्याचा आवाज नाही. लोक विचारायला लागले. हेडमास्तर सातव्या वळणावर शिटी द्यायचे आणि मग उगीचच थोडा वेळ थांबायचे. मला राग आला होता, खरं सांगते, त्यांचा नाही, त्या दोन बोटं मातीचा. साहेबांनाही कळलंच. त्यांनी सांगितलं की पायऱ्यांचं काम तीन आठवड्यांनी सुरू होईल, तोवर काय ते करा.

नवव्या दिवशी बायने मला घरी बोलावलं. मनगटाला पट्टी होती तरी मशीन चालू होतं. मुकादम ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"ह्याला वाटतं मी आता येणार नाय," बाय मला म्हणाली, पण भावाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मी फक्त कलत्या जमिनीवर येणार नाय. सपाट कर म्हणावं. मी तयार हाय."

"बाय, अकरा वळणं आहेत," मुकादम भिंतीला म्हणाले. "सगळी फोडून नव्याने बांधायची. दोन वर्षं लागली होती मला."

"एकट्याला लागली. तुझी गँग कुठं मेली?"

गँग मेली नव्हती. निवृत्त होऊन घोलवड, बोर्डी, तलासरी अशी विखुरली होती. मुकादमांनी कधी कुणाला बोलावलं नव्हतं, कारण हे घरचं काम, आणि घरच्या कामाला गँग लावायची नाही असा त्यांचा नोकरीतला नियम होता. बायने तो नियम त्याच दुपारी मोडला. माझ्याच फोनवरून एकेकाला फोन केला. बोलणं अगदी थोडं. "मी बाय. उद्या सहाला टेकडीशी ये. फावडं आण." तिकडून काही विचारलं जायच्या आत फोन बंद.

सकाळी सहाला आठ म्हातारे हजर होते. एकाची पाठ वाकलेली, एकाला ऐकू कमी, एकाचं नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. पण फावडी खांद्यावर घेऊन ते ओळीने उभे राहिले आणि मुकादम त्यांच्यासमोर आले, तेव्हा ती गँग झाली. मुकादमांनी आधी सगळ्यांचे पाय बघितले. मग म्हणाले, "चला." सगळा आवाजच बदलला होता त्यांचा. दोन-दोन जणांनी एकेक वळण घेतलं. माती काढायची, ठोकायची, पाणी मारायचं, पुन्हा ठोकायची. ऐकू न येणाऱ्याने कुणाचंही न ऐकता सगळ्यात सुंदर वळण केलं. मीही वर्दीच्या बाह्या सरसावून घमेली उचलली. दोन दिवसांनी हेडमास्तर धोतराचा काचा मारून आले. मग बँकवाले आले. त्या कचेरीतल्या बाई आल्या, ज्यांचं वजन एका बाजूला पडत होतं, आणि मुकादमांकडे न बघता माती टाकायला लागल्या.

प्रत्येक वळण झालं की मुकादम पेला भरायचे. या वेळी तो जमिनीवर ठेवायचे, आधी मध्ये, मग दोन्ही कडांना, आणि पोटावर पडून चहाची कड बघायचे. सगळे भोवती उभे. तीन वेळा नापास झालं चौथं वळण. अकरावं वळण पास झालं तेव्हा तीन आठवड्यांतले दोन दिवस शिल्लक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबही आले. गँगचे आठ जण, फिरायला येणारे, मी आणि बाय, सगळे पायथ्याशी जमलो. मुकादम हातोडा घेऊन पुढे व्हायला निघाले तर बायने काठी आडवी धरली.

"तू कुठं?"

"पुढे चालतो ना."

"नाय. तू बस." तिने काठीने काळा दगड दाखवला. "वर जाईपर्यंत माझ्या पायाकडं बघत राहशील, मना चालता यायचं नाय. बस तिथं."

मग ती गँगकडे वळली. त्यातले तिघं लहानपणी त्याच क्वार्टरमध्ये राहणारे, त्याच टेकडीवर पळणारे. "काय बघता? चपला काढा," बाय म्हणाली. "ह्याच्यापाशी ठेवा. तो सांभाळंल."

तिघांनी निमूट चपला काढल्या. मग बाकीच्या पाच जणांनी काढल्या. हेडमास्तरांनी काढल्या, बँकवाल्यांनी बूट काढले, कचेरीतल्या बाईंनी सँडल काढल्या. मी बुटांच्या नाड्या सोडल्या. बायची नजर साहेबांकडे गेली. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून तेही नाड्या सोडायला लागले. मुकादम काळ्या दगडावर बसले आणि त्यांच्या भोवती चपलांचा ढीग झाला. एकटी बाय तिची जाड तळाची चप्पल घालून वाटेला लागली आणि आम्ही सगळे अनवाणी तिच्या मागून.

निघताना मी हिरवा झेंडा बरोबर घेतला होता. लागेल, असं ते म्हणालेच होते.

पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाशी, जिथे पडली होती तिथे, बाय थांबली. काठीने जमीन ठोकली. तिने डावा पाय टाकला, वजन दिलं, उजवा उचलला, आणि ती वळली. मागून कुणीतरी "शाब्बास" म्हणालं, तर ती म्हणाली, "गप चाला." तिसरं. चौथं. पाचव्यापाशी ती खैराच्या खोडाला टेकून पाणी प्यायली. सातव्याच्या आधी तिने ती पाटी वाचली आणि करवंदीच्या जाळीसमोर उभी राहून अशी खणखणीत शिटी घातली की पलीकडून दोन तित्तर भर्रकन उडाले. गँगमधल्या एकाला आठवलं, लहानपणी संध्याकाळी सगळ्यांना खाली बोलवायला ती अशीच शिटी घालायची. दहाव्या वळणावर तिचा श्वास ऐकू येत होता. मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. अकरावं वळण उजवीकडचं होतं, आणि त्यानंतर वर काहीच नव्हतं, फक्त आभाळ.

बाय टेकडीवर उभी होती. स्वतःच्या पायांवर.

गँगमधला तो ऐकू न येणारा म्हातारा उघड रडत होता. मीही रडले, लपवत नाही. साहेब एका पायावर उभे राहून तळव्यातला काटा काढत होते. काटा निघाला तसे म्हणाले, "गार्ड, पायऱ्यांचे कागद मी परत पाठवतो. आणि ही जाळरेषा आता कागदावरही वाट करून टाक."

बायचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. पश्चिमेला चिकूच्या वाड्यांचे गर्द शेंडे, त्यांच्यापलीकडे खाडी, सुरूची रांग, आणि मग समुद्र. मध्ये रेल्वेची लाइन, तिच्यावरून मालगाडी निघालेली. तिने उत्तरेला बघितलं, पूर्वेला तलासरीच्या डोंगरांकडे बघितलं आणि मग दक्षिणेला तोंड करून डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली. मग ती जुन्या सरळ वाटेच्या टोकाशी गेली. तिथून खाली काळा दगड दिसतो. दगडावर मुकादम बसले होते, मांडीवरही कुणाच्या तरी चपला, तोंड वर.

मी झेंडा तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा हलवला आणि छाती भरून ओरडली.

"ए खोटारड्या! मुंबई दिसत नाय!"

मुकादम ताडकन उठले. मांडीवरच्या चपला खाली घरंगळल्या. त्यांनी उजवा हात जितका वर जाईल तितका वर केला, रुळांच्या कडेला उभे राहून करायचे तसा, आणि त्या म्हाताऱ्या गळ्यातून आवाज आला तो टेकडीवर आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला.

"ऑल राइट!"

हात खाली येईना. तो तसाच वर धरून ते उभे राहिले. मी बायला म्हटलं, "उतरायचं का हळूहळू? वाट बघतायत ते."

बायने काठी बाजूला ठेवली, पदर सावरला आणि माथ्यावरच्या एकुलत्या आंब्याच्या सावलीत बैठक मारली.

"एवढ्यात नाय," ती म्हणाली. "बसू दे जरा त्याला चपला घेऊन."